॥ श्री उसनाई प्रसन्न ॥

सेलूत, स्टेशन रोडला, मुनीरभाईंच्या छापखान्यात
लग्नसराईत मी दिवसाला अकरा-बारा पत्रिका जुळवतो.
वर देव, मधे मुहूर्त, खाली किलबिल:
आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं.
गावाचं नाव ऐकलं की मुनीरभाई
मान न वळवता कुळदैवत सांगतात.
तीस वर्षांत एकदाच चुकले,
तेही भावकी फुटलेली होती म्हणून.

दुपारी लाइट गेली की मी
वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर
माझं जग करत बसतो.
आधी त्याला दोन चंद्र दिले होते.
दुसऱ्याचं काय करायचं सुचेना, खोडला.
नद्या उलट्या वाहवून पाहिल्या,
त्यांना दुधनेसारखंच वळण येत गेलं.
देवांसाठी नियम केला:
नावामागं 'बा' नाही, 'आई' नाही.
थ्रक्ष नावाचा एक केला, वादळाचा, सहा हातांचा.
आठवडाभर कुणी त्याला हाकच मारीना.
माझी माणसं, मीच केलेली,
माझ्या तोंडाकडं बघत राहायची:
लेकरू तापानं फणफणल्यावर
हे म्हणायचं कसं?

मग उसनाई आली.

उसन्या वस्तूंची देवी. तिला देऊळ नाही.
पंधरा दिवस ह्या घरी, पंधरा दिवस त्या.
पाट शेजारचा, समई दुसऱ्याची, तेल तिसऱ्याचं.
तिच्या अवसेला घेतलेलं सगळं परत करायचं,
शिडी, परात, उखळ,
वाटीभर साखर शीग लावून.
जे परत होत नाही,
म्हणजे कुणाची झोप, कुणाची उमेद,
मेलेल्या माणसाला दिलेला शब्द,
ते तिच्या डाव्या कानात सांगायचं.
उजवा तिनं कुणाला तरी दिलाय,
अजून आलेला नाही.

पुजारी ठेवायचा नाही, असं मी ठरवलेलं.
तरी एक जण घुसलाच, ताट घेऊन.
सात वेळा खोडला. कार्डाला भोक पडलं.

वैशाखात, जागरणाच्या चौथ्या रात्री,
तुळजाभवानी आणि खंडोबाच्या मधल्या जागेत
उसनाई माझ्या बोटांतून कधी उतरली, कळलं नाही.
साडेतीनशे पत्रिका.
हळदीची बोटं लागून वाटूनसुद्धा झाल्या,
पहिली देवापुढं ठेवून.

लग्न लागून नववा दिवस.
देवगाव फाट्याकडनं नवरीची आत्या आली,
चतुराबाई. पिशवीत पत्रिका, चौघडी घातलेली.
मी पैसे परत द्यायच्या तयारीत उठलो.
"ही उसनाई कुठली वो?
घरात सगळे म्हणतेत, आपलीच हाय,
जुनी हाय, मधी खंड पडला.
पर ठाणं कुणालाच सांगता येईना."
पदरानं तोंड पुसलं.
"नावावरनं वाटलं,
हिला देण्याघेण्यातलं कळत आसंल."

मुनीरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.
त्यांना माहीत असावं. कोरी कार्डं तेच मोजतात.
"तीस साल में ये नाव नई सुन्या मैं," ते म्हणाले,
"पन बाई इत्ते दूर से आई. पता दे."

मी कार्ड पालथं केलं.
फाटा काढला, दुधना काढली, पुलाजवळची लिंबं काढली.
पुढं पेन हलेना.
खोटं सांगावं तर बाई तिथपर्यंत चालत जाईल,
खरं सांगावं तर तिला परत कुठं पाठवू?
"देऊळ नाही तिला," मी म्हणालो,
"घरोघर असते."
"मग आता कुणाच्यात हाय?"

उत्तराची वाट न बघता
त्या दारातलं स्टूल ओढून बसल्या.
ते स्टूल पंक्चरवाल्या गफूरचं.
दोन वर्षांमागं, तासाभरासाठी म्हणून आणलेलं.

त्या हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या.
मुनीरभाईंनी मशीन बंद केली.